तोंडात गुळणी

टकळीचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बोलायला लागली त्या दिवसापासून तिची जीभ जी सुरू झाली ती थांबलीच नाही. म्हणून आई तिला टकळी म्हणायला लागली, आणि मग शेजारी, शाळा, कॉलेज, जिथे जावं तिथे हे नाव तिच्याआधी पोचलेलं असायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरची माणसं म्हणत. वाढदिवसाची भेट तिच्यापासून लपवून ठेवावी लागे, कारण ज्याचा वाढदिवस त्यालाच ती आधी सांगून टाकायची, आणि वर रंगही सांगायची.

अशा मुलीनं जगातले सगळे अभ्यासक्रम सोडून नेमका तोच निवडावा जिथे परीक्षेच्या दिवशी तोंडात पाणी धरून बसावं लागतं, याला आता काय म्हणायचं?

विद्यापीठानं खेळांचा आणि डिजिटल माध्यमांचा विभाग काढायचं ठरवलं तेव्हा त्याला जागा कुठली द्यायची यावर बरीच भवति न भवति झाली होती. चित्रकलावाले म्हणाले, आमच्याकडे नको. संगणकवाले म्हणाले, आमच्याकडे तर मुळीच नको. अखेर रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा रिकामी पडली होती, ती या विभागाच्या गळ्यात मारली. त्यामुळे लांबलचक काळ्या टेबलांवर दोन पडद्यांच्या मधे एक पांढरं बेसिन आणि वाकड्या मानेचा एक पितळी नळ, अशी तिथली मांडणी होती. टेबलांवर कुणाकुणाच्या फसलेल्या प्रयोगांचे डाग होते. विषारी वायू बाहेर सोडायच्या काचेच्या कपाटात मुलं आता बॅगा आणि छत्र्या ठेवत.

विभागप्रमुख बाईंनी मात्र त्या नळांचा झकास उपयोग शोधून काढला होता. त्यांचा नियम असा, की खेळ तयार झाला की तो कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवायचं आणि बनवणाऱ्यांनी मागच्या स्टुलांवर बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. "तुमचा खेळ लोकांच्या घरी जाईल तेव्हा तुम्ही त्यांच्या सोफ्यामागे लपून बसणार आहात का?" असं त्या विचारत. पहिल्या तुकडीनं गप्प बसायचं कबूल केलं आणि मग सगळे खोकले, खाकरले, एकानं तर उजवीकडे वळायची वेळ आली तशी उजवीकडे शिंक दिली. तेव्हापासून बाईंनी प्रत्येकाला नळाचं तोंडभर पाणी घ्यायला लावलं. खेळणारा उठेपर्यंत गुळणी तोंडात. ज्याची सुटली त्याचा खेळ बाद. मुलं त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे गुळणीबाई.

टकळीच्या गटात चौघं होते आणि चौघांची तोंडं चार दिशांना. संगणकाकडून आलेला मुलगा दिवसाकाठी मोजके शब्द वापरायचा, म्हणून त्याला मुनी म्हणत. चित्रकलेकडून आलेला तो रंगारी. त्याला निळ्या रंगाच्या दोन छटांवरून रडू येऊ शकत असे. संगीताकडून आलेली मुलगी गाण्यापेक्षा ऐकण्यात पटाईत, ती कानसेन. टकळी आली होती संख्याशास्त्राकडून. तिथे तिला गुण बरे मिळत, पण आकडे उत्तर देतात, गप्पा मारत नाहीत, ही तिची तक्रार होती.

त्यांच्या खेळाचं नाव 'विजोड'. एक मोजा धुलाईच्या दुकानात आपल्या जोडीपासून तुटतो आणि तिला शोधत निघतो. पहिली खोली म्हणजे कपडे धुवायच्या यंत्राचं पोट. मोज्याला डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे असे लयीत झोके द्यायचे. यंत्र डुलायला लागतं, काचेच्या गोल दाराची कडी निसटते आणि मोजा बाहेर पडतो. पुढे इस्त्रीचं टेबल, वाळत घातलेल्या चादरींचं रान, बटणांचा डबा, अशा एकेक खोल्या. मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं आणि त्यातून तो बोलायचा. ही कल्पना रंगारीची, बोलणं टकळीचं.

बाकी टकळीचं काय, हे सांगणं जरा अवघड होतं. रंगारी म्हणायचा, "हे दार उदास दिसायला हवं." मुनी विचारायचा, "उदास म्हणजे किती?" मग टकळी दोघांच्या मधे बसून उदासचं भाषांतर करायची: दार सावकाश उघडू दे, अर्ध्यावर थोडं थांबू दे. मुनी म्हणायचा, "होईल." कानसेनला एखादा सूर खुपला की ती हात झटकत टकळीकडे यायची, आणि टकळी तो खुपणारा सूर उचलून मुनीच्या टेबलाशी नेऊन टाकायची. दिवसभर तिचं हेच चालायचं, या टेबलावरून त्या टेबलावर.

एकदा रंगारी आला. "दाराची कडी पिवळीधमक आहे, कावीळ झाल्यासारखी. निळसर करू? खाली डावं-उजवं दाखवणारे मुनीचे बाण आहेत आणि कडीचा आवाजही आहे, कळेल लोकांना." टकळी म्हणाली, "कर की!" त्यानं तेव्हा केलं नाही, पण कधीतरी करीन म्हणाला. पुढे कधीतरी कानसेन आली. "बरोबर झोका पडला की खट् होतं ना, ते माझ्या तालाच्या मधे तडमडतं. काढू? रंग आहे, बाण आहेत." टकळी म्हणाली, "काढ की!" मुनीला पडद्याच्या तळाशी मोकळी जागा हवी होती. तो म्हणाला, "बाण?" तिनं त्याच्या एका शब्दाचा अर्थ लावला. "रंग आहे, आवाज आहे. काढून टाक."

आणि पहिली खोली पुन्हा खेळून बघायला वेळ कुणाला होता? रोज उठून यंत्राच्या पोटात झोके खात बसायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून मुनीनं एक सोय करून ठेवली होती. शून्याचं बटण दाबलं की मोजा टुणकन उडून थेट दुसऱ्या खोलीत. त्या सोयीला सगळे टुणकी म्हणत. महिनोन्महिने चौघंही टुणकीनंच जात-येत होते. आपल्या घराच्या पुढच्या दाराला कुलूप आहे की नाही हे मागच्या दारानं ये-जा करणाऱ्याला कसं कळावं?

वर्ष संपत आलं तशी टकळीला गुळणीबाईंनी बोलावलं. विभागाची पद्धत अशी, की पहिलं वर्ष सगळ्यांनी सगळं शिकायचं. वर्षाअखेरीला कुणातरी अध्यापकानं तुम्हाला आपलं म्हणायचं आणि पुढची वर्षं त्यांच्या हाताखाली काढायची. कुणीच आपलं म्हटलं नाही, तर जिथून आलात तिथे परत.

"तुझं काम मला दिसत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मी दिवसभर..."

"दिवसभर तू बोलतेस. ते ऐकू येतं. दिसत नाही." बाईंचा आवाज कडक नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "चित्रं त्याची, यंत्रणा त्याची, सूर तिचे. त्यांना घ्यायला तिघं अध्यापक तयार आहेत. तुला कुणी मागितलेलं नाही. तुमचे संख्याशास्त्राचे सर म्हणाले, जागा ठेवली आहे, पाठवा. पण मी म्हटलं, खेळाच्या दिवसापर्यंत थांबू. त्या दिवशी पडद्यावर बोट टेकवायचं आणि सांगायचं, 'हे माझं.' एवढंच."

"कानसेन आवाजावर बोट कसं टेकवणार?"

"ते ती बघेल. तू तुझं बघ."

टकळी घरी आली ती थेट आईच्या गाडीत जाऊन बसली. आई मोटार शिकवायची. तिची गाडी छोटीशी, टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. अर्ध्या गावाला तिनं गाडी शिकवली होती आणि अर्ध्या गावानं तिचा बंपर चेपला होता. टकळीनं मागच्या सीटवरून सगळी हकिकत सांगितली, आणि आईनं आरसा पुसत ऐकून घेतली.

"मी कुणाचीच नाही गं," टकळी म्हणाली. "चित्र थोडं येतं, कोड थोडं येतं, कानही बरा आहे. कशातच धड नाही."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हण तोंडावर आली आणि गेली. पण मग तिनं आरशातून लेकीचा चेहरा बघितला आणि पुसायचं थांबली. "मला लोक विचारतात, लेक काय शिकते. मी कॉम्प्युटर म्हणून सांगते आणि गिअर बदलते. मलाच कळत नाही, तर त्यांना काय सांगू?"

टकळीला खरंच रडू आलं. आईलासुद्धा आपण काय करतो हे सांगता येऊ नये, यापरतं दुसरं काय वाईट?

खेळायला माणूस घरचाच आणायचा असे. रंगारीचा भाऊ सगळे खेळ कोळून प्यायलेला, तो चालणार नव्हता. कानसेनच्या घरचे गावाला गेले होते. मुनीनं आपण काय शिकतो हे घरी अजून सांगितलंच नव्हतं. राहता राहिली टकळीची आई. तिघांना शंका आली, की टकळीनं घरी सगळा खेळ आधीच सांगून टाकला असणार. सांगितला होताच! पण आईनं लेकीच्या बोलण्याकडे गाडीतल्या रेडिओइतकंच लक्ष द्यायची सवय फार पूर्वीच लावून घेतली होती. तिला मोज्यातला म माहीत नव्हता.

खेळाच्या दिवशी आई प्रयोगशाळेत आली, तिनं खुर्ची पुढे-मागे सरकवून बघितली, पडदा जरासा तिरका केला आणि बसली. पाहुणी खेळणार म्हणून मुनीनं टुणकी काढून टाकली होती. चौघांनी नळाला ओंजळ लावली, गाल फुगवले आणि स्टुलांवर ओळीनं बसले. नियम आईलाही सांगितला होता: पहिली खोली स्वतःच्या डोक्यानं ओलांडली तर खेळ वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात जाणार. तिथे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं यायची आणि मुलांना हेरून ठेवायची. रंगारी तर आठवडाभर त्याच स्वप्नात होता. गुळणीबाई बाजूला खुर्ची टाकून आईच्या हातांकडे बघत होत्या.

पडदा अंधारला. यंत्राचं पोट. मधे मोजा.

"हं," आई म्हणाली. "बस बाबा नीट. कुठे जायचंय आपल्याला?"

मोजा काही बोलला नाही. बोलण्याचं त्याचं वाक्य दुसऱ्या खोलीत होतं. आईनं त्याला डावीकडे नेलं. भिंत. वर उडवलं. वरही भिंत. मग डावीकडून उजवीकडे एक झोका दिला, अगदी बरोबर झोका, आणि टकळी स्टुलाच्या टोकावर सरकली. आता खट् होईल. खट् झालं नाही. आई थोडी थांबली, काही घडेना म्हणून तिनं तो नाद सोडला आणि मोज्याला गोल गोल फिरवायला लागली.

"चुकतंय की बरोबर आहे, एवढं तरी कुणी सांगा," आई पडद्याला म्हणाली. "शिकाऊ माणसाला हूं तरी म्हणावं."

टकळीला बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं की पाणी कानातून बाहेर येईल असं वाटलं. आई, परत तेच कर! आई, बरोबर होतं ते! पण तोंड बंद. आणि तोंड बंद असल्यामुळे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, जिभेवरून निसटून जाणारी गोष्ट तिच्या डोक्यात राहिली आणि तिथे तिची बेरीज झाली. आवाज कुठे गेला? कानसेननं काढला, मला विचारून. मग बाण? मुनीनं काढले, मला विचारून. कडी पिवळी का दिसत नाही? कारण ती निळसर आहे, आणि ती निळसर करायला 'कर की' मीच म्हणाले.

प्रत्येकानं दुसऱ्या दोघांच्या भरवशावर आपली खूण काढून टाकली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तेही एकदम तिळे! आणि या तिन्ही गोष्टी ज्याला माहीत होत्या असं माणूस या खोलीत एकच होतं.

शेजारी रंगारीचे फुगलेले गाल थरथरत होते, कानसेननं डोळे मिटून घेतले होते, आणि मुनी पडद्याकडे बघत होता तो ओळखीच्या गावात वाट चुकल्यासारखा. यांचं अख्खं वर्ष त्या यंत्राच्या पोटात अडकलं होतं. टकळीचं अंग आपोआप हलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तिला ते कळतसुद्धा नव्हतं.

आणि अचानक आई ताठ बसली. तिनं मोज्याला झोका दिला. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. यंत्र डुललं. उजवीकडे. गोल दार धाडकन उघडलं, पांढरा उजेड आला आणि मोजा उडून बाहेर पडला. "अगंबाई, माझी जोडी कुठे?" असं तो अंगठ्याच्या भोकातून टकळीच्या शब्दांत म्हणाला.

"पाणी टाका!" गुळणीबाई म्हणाल्या.

मुनीनं गिळलं, कानसेननं बेसिनमधे टाकलं, रंगारीच्या तोंडातलं हसता हसता मुनीच्या शर्टावर गेलं. "काकूंनी उघडलं! काकूंनी उघडलं!" तो नाचत होता. मुनी ओल्या शर्टानं म्हणाला, "झालं." त्याच्या मानानं हे भाषण होतं.

आई लेकीजवळ आली आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "बरं झालं बाई डोलत होतीस. पडदा काळा होता, त्यात सगळी दिसत होतीस. मी सवयीनं आरशात बघते ना."

टकळीच्या तोंडात पाणी तसंच होतं.

आता इथे तिनं मूग गिळून बसायचं, तर सगळं आयतं जमून आलं होतं. बाईंची नजर आईच्या हातांवर होती, त्यांना काही दिसलं नव्हतं. तिघांची तोंडं कशी फुलली होती! आणि जन्मभर सगळे जिला गप्प बस गप्प बस म्हणत आले, तिनं एकदा त्यांचं ऐकलं तर बिघडलं कुठे? पण प्रदर्शनात येणारा माणूस त्या अंधाऱ्या यंत्रात बसणार होता, आणि त्याच्या मागे डोलायला कुणी नसणार होतं. टकळीनं पाणी गिळलं.

"मॅडम, दार आईनं उघडलं नाही," ती म्हणाली. "मी डोलत होते. पडद्यात दिसलं तिला."

रंगारी नाचायचा थांबला.

"खूण केलीस?" बाईंनी विचारलं.

"मुद्दाम नाही. पण केली. आणि केली नसती तर दार उघडलंच नसतं. कुणाकडूनच." मग ती उठली, पडद्याशी गेली, खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि त्या बंद, निळसर, मुक्या दारावर तिनं बोट टेकवलं. "तुम्ही म्हणाला होतात ना, बोट टेकव. हे माझं. रंग त्यानं काढला, आवाज तिनं काढला, बाण ह्यानं काढले. तिघांनी मला विचारलं आणि तिघांना मी हो म्हटलं. तिन्ही हो एका जागी ठेवायचं काम फक्त माझं होतं. ते मी केलं नाही. तिघांची काही चूक नाही."

रंगारीचा चेहरा पडला. "टकळे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरका झाला, "आयुष्यात एकदा तरी गप्प बसायचं होतंस गं!"

ते तिला फार लागलं, कारण त्यात राग कमी आणि दुःख जास्त होतं.

गुळणीबाईंनी त्या टेकवलेल्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चहा पिऊन येते. तोवर एकच गोष्ट बदलता येईल तुम्हाला, जास्तीला वेळ नाही. आल्यावर नवा माणूस बसवू. न पाहिलेला. त्याला दार उघडता आलं नाही, तर खेळ बाद."

बाई गेल्या आणि भांडण पेटलं. रंगारी म्हणाला, बाण आणा. मुनी म्हणाला, "रंग." कानसेन म्हणाली, काहीही आणा, पण ते खट् नको, माझा ताल मोडतो. ज्याला त्याला दुसऱ्याची खूण परत हवी होती. टकळी थोडा वेळ ऐकत राहिली. ती ऐकते आहे हे लक्षात आल्यावर तिघंही बावचळून गप्प झाले.

"आईनं बरोबर झोका दिला होता," टकळी म्हणाली. "अगदी आधीच. काय करायचं ते तिला सुचलं होतं. पण खेळ हो म्हणाला नाही, म्हणून तिनं सोडून दिलं. बाण नकोत, रंगही नको. नुसतं हो हवं. खट् परत आणू."

"माझा ताल..." कानसेन म्हणाली.

"खटक्याला तालात बसवू नकोस. तालालाच खटक्याजवळ थांबव. झोका पडेपर्यंत गाणं श्वास धरून बसेल, आणि खट् झालं की पुढे चालेल. मुनी, गाणं थांबवता येईल?"

मुनीनं विचार केला. "होईल."

"श्वास धरून," कानसेन स्वतःशीच म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे खट् हीच सम. हे मला का नाही सुचलं?" तिनं कानांवर हेडफोन चढवले. रंगारीला काही काम नव्हतं म्हणून तो मुनीचा शर्ट वाळवत बसला.

चहा पिऊन बाई आल्या त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर संख्याशास्त्राचे सर होते. त्यांना मुलं सरासरी सर म्हणत, कारण गृहस्थ उंचीला, आवाजाला आणि कपड्यांना मधलेच होते. आपली विद्यार्थिनी परत न्यायची म्हणून ते येत होते, आणि जिन्यात बाईंच्या तावडीत सापडले.

"मी असले खेळ खेळत नाही," सर म्हणाले.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

चौघांनी पुन्हा गाल भरले. टकळीनं या वेळी बेसिनचा नळ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, म्हणजे डोलायला नको. आई दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

सरासरी सर शास्त्रशुद्ध माणूस. त्यांनी आधी वर, मग खाली, मग डावीकडे असं एकेक करून बघितलं, प्रत्येक वेळी मान हलवली. गाणं खालच्या पट्टीत चाललं होतं. मग डावीकडून उजवीकडे झोका पडला, गाणं क्षणभर अडखळल्यासारखं थबकलं, आणि खट्.

सरांची मान थांबली. "अच्छा," ते म्हणाले. पुन्हा झोका. पुन्हा खट्. सर खुर्चीच्या टोकावर आले. खट्, खट्, खट्, आणि दार उघडलं तेव्हा सरांनी चक्क टाळी वाजवली. टकळीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातलं मात्र तिनं सांडू दिलं नाही.

"झालं सर, उठा आता," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला न्यायला आला होतात ना?"

"थांबा हो जरा," सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "त्या बिचाऱ्याची जोडी तरी सापडू दे."

जोडी सापडायला अजून सात खोल्या होत्या. बाईंनी पाणी टाकायला सांगितलं आणि टकळीला खिडकीशी बोलावून घेतलं.

"तिघांना त्यांची माणसं मिळाली," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे ये."

टकळीनं आधी मागे वळून बघितलं, बाई दुसऱ्याच कुणाला तर म्हणत नाहीत ना. मग म्हणाली, "पण मॅडम, मी दार बंद ठेवलं होतं. तुम्हाला माझं काम दिसलं ते बिघडलेलं दिसलं."

"अगं, हे काम बिघडल्याशिवाय दिसतच नाही. नीट चाललं असेल तर त्याच्यावर बोट कुठे टेकवणार? मी आपली तू टेकवतेस की नाही ते बघत होते."

"आणि तुमची शाखा कोणती मॅडम? म्हणजे मी घरी काय सांगू?"

"लोक मलाही तेच विचारतात," गुळणीबाई म्हणाल्या आणि सरांना खुर्चीतून उठवायला गेल्या.

संध्याकाळी आईचा एक शिकाऊ होता, नुकतेच निवृत्त झालेले काका. मोठ्या हौसेनं गाडी शिकायला आलेले आणि दोन्ही हातांनी चाक आवळून बसलेले. टकळी मागच्या सीटवर होती. गाडी आचके देत सिग्नलपाशी आली. समोर एक सायकलवाली बाई मधेच आडवी निघाली. टकळीला ते काकांच्या आधी दिसलं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आरशात आईनं ओठांवर बोट ठेवलं. आईचा पाय जादा ब्रेकवर होता, पण तिनं तो दाबला नाही. काकांना सायकल दिसली. त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि त्यांच्या तोंडावर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद पसरला.

"शाब्बास," आई म्हणाली.

जिवात जीव आल्यावर काकांना गप्पा सुचल्या. "ही लेक का तुमची? काय शिकते?"

टकळीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आता 'कॉम्प्युटर', आणि मग गिअर.

आईनं गिअरला हात लावला नाही. थोडा विचार केला. "माझंच काम शिकतेय," ती म्हणाली. "गाडी दुसरे चालवतात. हिचा पाय जादा ब्रेकवर असतो."

"म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल?" काका म्हणाले.

"तसंच म्हणा. चला, हिरवा झाला. क्लच हळू सोडा."

गाडी निघाली. टकळीला यावर बोलायचं खूप होतं, मोजा, खट्, सरासरी सर, सगळंच. पण आत्ता तोंड उघडलं तर रडू फुटेल, हे तिला नक्की ठाऊक होतं. तिनं तोंडात पाणी असल्यासारखे गाल फुगवले आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आई मधूनमधून आरशात बघत होती.